उतार पडण्याआधी : नाथसागरातील सुरय पक्ष्यांच्या एका बेटाचे प्रकरण

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी ओसरू लागले की जुनी उंचवट्याची ठिकाणे बेटांसारखी वर येतात आणि त्यांतील काही बेटांवर नदी सुरय व छोटा आर्ली हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अशाच एका बेटावरील वसाहत एका उन्हाळ्यात एप्रिल संपण्यापूर्वीच, एकही पिल्लू उडण्याच्या वयाला न पोहोचता, रिकामी झाली. तालुक्यातील एका पक्षीनिरीक्षक मंडळाने या घटनेचे कारण शोधले, त्यावर पुढील दोन उन्हाळ्यांत काही उपाय केले आणि त्या काळातील नोंदी जपून ठेवल्या. त्या नोंदींच्या आणि मंडळाच्या सदस्यांशी झालेल्या बोलण्याच्या आधारे हे प्रकरण मांडले आहे. मंडळाचे, गावाचे आणि बेटाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण घरट्यांची जागा उघड झाली की तेथे माणसांची वर्दळ वाढते, आणि ही वर्दळ हा या प्रकरणाचाच एक भाग आहे.

जलाशयाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास १०३ टीएमसी (अब्ज घनफूट), पाणी साठू शकते. मात्र गोदावरीचे खोरे येथे सपाट आणि पसरट असल्यामुळे हे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. साठ्याला क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली साडेआठ मीटरही भरत नाही. इतक्या उथळ जलाशयात पातळी हातभर जरी खाली आली तरी काठावरची रुंद पट्टी उघडी पडते, आणि हिवाळी पाहुण्यांना चिखलाची जी खाद्यभूमी मिळते ती याच पट्ट्यांमुळे. १९८६ मध्ये जलाशय व त्याचा काठ मिळून ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्राला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, करकोचे, तलवार बदके, थापट्या आणि वारकरी यांच्यासाठी लोक हिवाळ्यात येथे येतात. उन्हाळ्यात मात्र फारसे कोणी फिरकत नाही, आणि त्यामुळे येथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांकडे वर्षानुवर्षे पुरेसे लक्ष गेले नाही.

मंडळ स्थापन झाले ते रविवारच्या सकाळच्या फेऱ्यांसाठी. शिक्षक, औषध दुकानदार, महाविद्यालयीन विद्यार्थी, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कालवा निरीक्षक असे त्याचे सदस्य आहेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेणे, ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात शाळांमध्ये कार्यक्रम करणे, मकरसंक्रांतीनंतर झाडांत अडकलेला नायलॉन मांजा काढणे, अशी कामे ते नियमाने करत आले आहेत. सप्ताहाच्या या दोन तारखा म्हणजे अनुक्रमे मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली जाते. उन्हाळी काम मात्र मंडळाने कधी हाती घेतले नव्हते, आणि ज्या वर्षी ते सुरू झाले त्याच वर्षी ही वसाहत मोडली.

वसाहत का मोडली

नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा, लाल पायांचा, काळ्या टोपीचा आणि दुभंगलेल्या लांब शेपटीचा देखणा पक्षी आहे. मराठवाड्यात तो ओळखीचा असला तरी जागतिक पातळीवर त्याची गणना आता असुरक्षित, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या, पक्ष्यांत होते. नद्यांतील वाळूची बेटे नष्ट होणे, अंडी व पिले कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जाणे आणि धरणांमुळे पाण्याच्या पातळीत होणारे अवेळी बदल ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगी. त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी असतात. उबवण्यास साधारण तीन आठवडे लागतात आणि पिले नीट उडू लागेपर्यंत आणखी चार-पाच आठवडे जातात. म्हणजे अंडी घातल्यापासून सुमारे दोन महिने ती जागा पाण्याने वेढलेली किंवा अन्य प्रकारे सुरक्षित राहिली पाहिजे. छोटा आर्ली याचाही हाच हिशोब आहे. फक्त तो पाण्याच्या अधिक जवळ, सखल भागात अंडी घालतो आणि त्यामुळे लाटा व पावसाचा फटका त्याला आधी बसतो.

वसाहत मोडल्यावर मंडळातील काहींचा संशय प्रथम मच्छीमारांवर गेला. काहींना वाटले की बेटाजवळ गाळपेर करणाऱ्या, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळाच्या जमिनीवर पिके घेणाऱ्या, शेतकऱ्यांची पोरे अंडी गोळा करत असावीत. दोन्ही संशय चुकीचे होते, आणि ते जाहीर बोलले जाण्याआधीच तपासले गेले ही गोष्ट मला या सर्व प्रकरणात महत्त्वाची वाटते. कारण एकदा गावावर आळ घेतला असता तर पुढचे कोणतेही काम गावाच्या मदतीने होऊ शकले नसते. बेटाच्या काठच्या चिखलात कुत्र्यांच्या पावलांचे ठसे मिळाले आणि ते सर्व एकाच बाजूने आलेले होते. त्या बाजूला पाणी आटून बेट आणि काठ यांच्यामध्ये उतार पडला होता, म्हणजे चालत जाण्याइतकी वाट मोकळी झाली होती. आधी कुत्री गेली, मग चाऱ्याच्या शोधात जनावरे गेली.

हा उतार नेमका तेथेच का पडला, याचे उत्तर शेजारी गाळपेर करणाऱ्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याकडून मिळाले. धरणामुळे शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. त्यांचे गाव त्यांतलेच, आणि आज ज्याला बेट म्हणतात ती त्या गावाच्या शिवारातील गायरानाची टेकडी होती. टेकडीकडे जाणारी गाडीवाट एका लहान ओढ्याला ओलांडून जात असे. त्या ओढ्याच्या जागी सर्वांत शेवटी पाणी आटते आणि ते आटले की जुनी गाडीवाटच पुन्हा मोकळी होते. कोणत्याही नकाशावरून मंडळाला हे कळले नसते. निवृत्त कालवा निरीक्षकांनी मग पुढची कडी जोडली : जलाशयाची पातळी पाटबंधारे खाते रोज जाहीर करते, तेव्हा उतार ज्या दिवशी पडला त्या दिवसाची पातळी नोंदवली, तर पुढच्या वर्षी तो केव्हा पडेल याचा अंदाज आधी बांधता येईल. पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट आहे. उताराची पातळी मंडळाच्या वहीत आहे, पण ती येथे देत नाही, कारण त्यावरून बेट ओळखणे अवघड नाही.

पाणी कमी होण्याचा वेग सारखा नसतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मोठे पाणी जाते, पण पातळी झपाट्याने उतरते ती कालव्याचे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस पाणी सोडणे, सुरू असताना. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. त्यांच्या पाण्यावर जालना, परभणी, बीड या जिल्ह्यांतील शेती अवलंबून असते आणि आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. वसाहत मोडली त्या वर्षी आवर्तन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतार पडला होता. खाली परभणीच्या शेतकऱ्याचा ऊस किंवा भुईमूग वाळू नये म्हणून सोडलेले पाणी आणि येथे बेटावर पोहोचलेली कुत्री या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. पक्ष्यांसाठी आवर्तन थांबवा अशी मागणी मंडळाने कधी केली नाही, आणि करू नये असेच माझेही मत आहे. दुष्काळाने पोळलेल्या प्रदेशात तशी मागणी न्याय्यही नाही आणि टिकणारीही नाही. तारीख आधी कळली तर तयारी आधी करता येते, एवढाच मुद्दा मंडळाने धरला.

गाळपेरकऱ्यांशी बोलणी

पाणी ओसरलेल्या गाळाच्या जमिनीवर हरभरा, गहू, कांदा, पुढे मका, टरबूज, काकडी अशी पिके घेतली जातात. हे कसणारे बहुतेक लोक स्वतः धरणग्रस्त किंवा त्यांची मुले आहेत. मंडळाचे लोक त्यांच्याकडे गेले तेव्हा बोलणे सुरयांवर आलेच नाही. शेतकऱ्यांनी पट्टकादंबांची तक्रार मांडली. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे हे मोठे हंस रात्री आणि पहाटे थव्याने गाळपेरात उतरतात आणि हरभऱ्याचे व गव्हाचे कोवळे कोंभ खुडतात. करकोच्यांचीही तीच तक्रार. हंस आले म्हणून शहरातले लोक दुर्बिणी घेऊन आनंदाने येतात, पण ज्याच्या वावरात ते उतरले त्याची विचारपूस कोणी करत नाही, हे त्यांचे म्हणणे मंडळाने ऐकून घेतले आणि नोंदवलेही. पहिल्या बैठकीत त्यापलीकडे काही झाले नाही. काही सदस्यांना ती बैठक वाया गेली असे वाटले, पण माझ्या मते पुढचे सारे त्या बैठकीमुळेच शक्य झाले. दुसऱ्या हिवाळ्यात मंडळाच्या विद्यार्थ्यांनी पहाटे गाळपेरात येऊन, पक्ष्यांना इजा न करता, थवे उठवण्यात शेतकऱ्यांना साथ दिली. पक्षीनिरीक्षकांनी पक्षी उठवणे हे काहींना विपरीत वाटेल, पण शेजारीच मोकळी गवताळ दलदल होती आणि हंस तिकडे जाऊन बसत होते.

त्यानंतर सुरयांचा विषय निघाला आणि उपायही शेतकऱ्यांनीच सुचवला. उतारावर बोराटीच्या आणि वेड्या बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे, आणि वसाहतीच्या काळात वस्तीवरची कुत्री रात्री बांधून ठेवावीत. अभयारण्याच्या हद्दीत असे काही करायचे तर वन्यजीव विभागाची संमती लागते. ती मागितली गेली, आणि कुंपण तात्पुरते असेल, पाणी वाढण्यापूर्वी काढून घेतले जाईल या अटीवर मिळाली. मंडळाने सुचवलेली वेळ मार्चअखेर अशी होती. शेतकऱ्यांनी ती नाथषष्ठीच्या आधीची ठरवली, कारण पैठणच्या यात्रेनंतर लग्नसराई आणि कांदा काढणी एकत्र येते व माणूस मिळत नाही. आता मंडळाच्या वहीतही ही कामे नाथषष्ठी आणि अक्षय्य तृतीया यांच्या हिशोबानेच लिहिली जातात.

मच्छीमारांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्याकडून अंड्यांना धोका नव्हता, पण काही जण बाहेरून आलेल्या छायाचित्रकारांना पैसे घेऊन थेट बेटावर उतरवत असत. दुपारच्या उन्हात सुरय अंड्यांवर बसतो तो उबेसाठी नसून सावलीसाठी. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये उघड्या मातीचे तापमान अंड्यातील जिवाला सहन होण्यापलीकडे जाते, आणि पक्षी मधूनमधून पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतो. माणूस बेटावर उतरला की सगळी वसाहत एकदम उठते आणि माणूस तेथे थांबेल तितका वेळ घिरट्या घालत राहते. छायाचित्र काढणाऱ्याला वाटते की आपण कशालाच हात लावला नाही, पण तेवढ्या वेळात अंडी भाजून निघालेली असू शकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करण्याबरोबर अंडी किंवा घरटी यांना त्रास देणेही येते. बेटावर उतरवून देणाऱ्यांना व उतरणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते. मंडळाने मच्छीमारांना कायद्याची भीती घालण्याऐवजी दुर्बिणीतून भर दुपारी भिजलेल्या पोटाने परतणारा सुरय दाखवला. त्यानंतर बहुतेकांनी उन्हाळ्यात बेटावर कोणाला न नेण्याचे मान्य केले. सर्वांनी नाही. उन्हाळ्यात मासळी कमी मिळते, तेव्हा बुडालेल्या त्या कमाईला पर्याय काय, याचे समाधानकारक उत्तर मंडळाजवळ अजूनही नाही. हिवाळ्यात दुरून रोहित व हंस दाखवण्याच्या फेऱ्यांतून थोडेफार मिळते, पण ते सर्वांना पुरत नाही.

मंडळाने स्वतःसाठीही नियम केले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत कोणीही बेटावर पाय ठेवायचा नाही. मोजणी काठावरून, तिपाईवरील दुर्बिणीने, ऊन चढण्यापूर्वी करायची. उडणारे पक्षी न मोजता केवळ बसलेले मोजायचे. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजायचे आणि दोन्ही आकडे वहीत ठेवायचे, सरासरी काढून एक करायचा नाही. घरट्यांची छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध करायची नाहीत. आणि प्रत्येक नोंदीच्या शेजारी त्या दिवसाची जलाशयाची पातळी लिहायचीच.

तीन उन्हाळे आणि त्यांचा अर्थ

कुंपण घातले त्या दुसऱ्या उन्हाळ्यात उतार पडला, पण कुत्री बेटावर गेल्याचे ठसे मिळाले नाहीत आणि बेटाच्या उंच बाजूच्या सुरयांची पिले उडण्याच्या वयापर्यंत वाढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळी वाऱ्यासह गारांचा अवकाळी पाऊस झाला आणि सखल बाजूच्या आर्लींच्या वसाहतीचे मोठे नुकसान झाले. आर्लींनी काही ठिकाणी पुन्हा अंडी घातली, काही जोड्या निघून गेल्या. त्या नुकसानीवर कुंपणाचा काही उपाय नव्हता. तिसऱ्या वर्षी आदल्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलेले होते, पातळी उशिरा उतरली आणि उतार पडलाच नाही. पिले सुखरूप वाढली, पण बेटाचा उघडा भाग लहान राहिल्याने जोड्या कमी बसल्या.

या तीन वर्षांवरून कुंपणामुळे वसाहत वाचली असे म्हणता येईल का? दुसऱ्या वर्षाबद्दल ते बऱ्याच खात्रीने म्हणता येते, कारण उतार, ठसे आणि पिले या तिन्ही गोष्टींची नोंद आहे. तिसऱ्या वर्षाचे श्रेय कुंपणाला देणे चुकीचे ठरेल, कारण त्या वर्षी रक्षण पाण्यानेच केले. वहीत पातळी लिहिलेली नसती तर दोन्ही वर्षांचे यश सारखेच दिसले असते आणि मंडळाने स्वतःची फसवणूक करून घेतली असती. हीच बाब हिवाळी गणनेलाही लागू पडते. धरण भरलेले असते त्या जानेवारीत चिखलाच्या पट्ट्या पाण्याखाली राहतात, उथळ पाण्यात चरणारे शेकाट्या, तुतारी आणि चमचा हे पक्षी आसपासच्या लहान तलावांकडे पांगतात आणि नाथसागरावरचा आकडा खाली येतो. मग पक्ष्यांनी पाठ फिरवल्याच्या बातम्या छापून येतात. दुष्काळी वर्षी उलट घडते : पाणी आक्रसते, पक्षी एकवटतात आणि आकडा फुगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यातून, म्हणजे एरवी वापरता न येणाऱ्या तळाच्या साठ्यातून, पाणी उपसण्याची वेळ आली होती. तशा वर्षी मोठा थवा दिसणे ही प्रदेशासाठी किंवा पक्ष्यांसाठी चांगली खूण नव्हे. पातळीशिवायचा आकडा अर्धवट असतो, हे नाथसागराबाबत तरी पक्के म्हणता येते, आणि म्हणून या मंडळाच्या तीन वर्षांच्या साध्या वहीला मी तारखेवारी मोठ्या यादीपेक्षा अधिक मोल देतो.

त्यातही काही गोष्टी वाचताना काळजी घ्यावी लागते. बेट एकच आहे, आणि येथून उठलेल्या जोड्या दुसऱ्या बेटावर जाऊन बसल्या असतील तर ते मंडळाला कळलेले नाही. रात्री काय घडते याची नोंद ठशांपुरतीच आहे. मुंगूस किंवा घुबड यांनी नेलेली अंडी त्यात दिसत नाहीत.

चौथ्या उन्हाळ्यासाठी मंडळापुढे दोन कामे आहेत. पहिले आवर्तनाचे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर तारखा लगेच कळाव्यात असे पत्र मंडळाने पाटबंधारे खात्याला दिले आहे, आणि उत्तर येईपर्यंत निवृत्त निरीक्षक त्या स्वतः जाऊन विचारून आणतात. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी सोडण्याचा निर्णय होतो. तशा वर्षी उतार केव्हा पडेल याचा अंदाज नोव्हेंबरनंतर पुन्हा बांधावा लागतो. दुसरे काम तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या, जाळ्यांचे. पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळींत आणि बेटाच्या कडेला फाटकी जाळी अडकून राहतात आणि त्यांत पाणकावळे, टिबुकल्या, कधी सुरयाची पिलेही गुंततात. ही जाळी जानेवारी संपण्यापूर्वी, वसाहत बसण्याच्या आधी, काढावी लागतात. मच्छीमार सहकारी संस्थेने त्यासाठी होड्या देण्याचे कबूल केले आहे. काढलेली जाळी ठेवायची कोठे, याबद्दल ग्रामपंचायतीशी बोलणे चालू आहे.